सिंहाच्या तोंडाची कुंडी

थुंकणाऱ्या माणसांची मला किळस येते. ही किळस मला सुभानमामाकडून लागली.

सुभानमामा दौंडच्या रेल्वेतल्या साहेबलोकांच्या क्लबात रोजंदारीवर माळी होता, आणि मी, जयसिंग, तिथलाच तात्पुरता कारकून. क्लबाच्या पायऱ्यांशी गोऱ्यांच्या वेळची एक मोठी सिमेंटची कुंडी होती. एका पायावर उभी, कडेने द्राक्षांचे घोस, चारी बाजूंना सिंहाची उघडी तोंडं. उघडं तोंड दिसलं की आमच्या लोकांना काय होतं देव जाणे! पत्ते खेळून बाहेर पडणारा प्रत्येक शहाणा त्या सिंहाच्या तोंडात पानाची पिंक टाकून जायचा. काहीजण तर नेम धरायचे आणि नेम लागला की हसायचे. शिकलेसवरलेले, कोट घातलेले लोक! वरच्या मातीत विड्यांची थोटकं, सुपारीचा चोथा, एकदा तर कोणीतरी काढलेला दात.

सुभानमामा रोज सकाळी हातात चिंधी घेऊन हे सगळं काढायचा. नाकावर फडकं बांधून. वय पन्नाशीचं, अंगाने काटकुळा, स्वच्छतेचं वेड. "जयसिंगराव," तो एकदा म्हणाला, "शेनात हात घालाया मला कायबी वाटत न्हाई. पर मान्साच्या तोंडातलं बघितलं की पोटात ढवळतं."

त्या कुंडीत त्याने एक विलायती पात लावली होती. एका गोऱ्या गार्डाची बायको देश सोडून जाताना तिचा एक झुबका त्याच्या हातात देऊन गेली होती. दहा-बारा वर्षं त्याने तो जगवला. आधी रॉकेलच्या डब्यात, मग या कुंडीत. दिसायला कांद्याच्या पातीची धाकटी बहीण. दाभणाएवढी बारीक, आतून पोकळ, वासाला सौम्य. खाली गड्डा मात्र धरत नाही. जे काही आहे ते वरच. कुंडीच्या तळाला भोक, भोकावर खापर, वर शेणखत आणि वाळू, दुपारच्या उन्हाला कडुनिंबाची सावली. आणि मुख्य म्हणजे ती कापायची, मुळापासून दोन बोटं ठेवून. उपटायची नाही. एवढं केलं की पुन्हा फुटते.

क्लबातले लोक तिला 'सुभानचं गवत' म्हणत. कुणाला तिचं कौतुक नव्हतं. मग एकोणसाठ साली नवे मोठे साहेब आले. तेच क्लबाचे अध्यक्ष. त्यांची बायको पुण्याला मिशनच्या शाळेत शिकलेली. तिने कुंडी पाहिली आणि पायरीवरच थबकली. एक पात तोडून चावली. "अहो, ही इथे कशी? कुणी लावली?"

सुभानमामा पुढे आला. दोघांचं त्या पातीवर असं काही बोलणं झालं की मी बघतच राहिलो. शेवटी ती म्हणाली, "मंगळवारी संध्याकाळी मुंबईचे पाहुणे आहेत. ही कुंडी मला त्यांना दाखवायचीय. चार वाजता मी स्वतः येऊन पात कापून नेईन. आणि सुभान, तुमचं कायम होण्याचं मी साहेबांच्या कानावर घालते."

चौदा वर्षं तो माणूस रोजंदारीवर होता. कायम झाला तर क्लबामागची खोली मिळणार होती, आणि हुसेनबीला, म्हणजे त्याच्या बायकोला, गळक्या पत्र्याखालून उठता येणार होतं. त्या आठवड्यात त्याने कुंडीवर अक्षरशः पहारा दिला. सिंहांना चुना लावला. पात हिरवीगार, वीतभर, सगळीकडून सारखी.

आता मंगळवार. तो दिवस होता कांदेनवमीचा. दोन दिवसांनी चातुर्मास लागणार, मग चार महिने घरात कांदा-लसूण बंद. म्हणून त्या दिवशी पोटाला तडस लागेपर्यंत कांदा खायचा. आमचे सेक्रेटरी आनंदराव याबाबतीत फार कडक. चातुर्मासातही आणि नवमीच्या खाण्यातही. क्लबाच्या स्वयंपाकघरात सकाळपासून भजी चालू होती. सुभानमामा दुपारी घरी गेला होता, अंघोळ करून धुतलेले कपडे घालून यायला.

"पातीचा झुणका न्हाई तर कसली नवमी?" आनंदराव भजं चावत म्हणाले. आषाढात बाजारात पात कुठली? त्यांची नजर खिडकीतून कुंडीवर गेली. "हौशीराम, ती आण."

हौशीराम आमचा आचारी, खुटबावचा. पिढ्यान्‌पिढ्या कांदा पिकवणारं घर. कांदेवाल्याच्या हाताला एकच गोष्ट ठाऊक, पात धरायची आणि उपटायची. त्याने दोन्ही हातांनी अख्ख्या कुंडीतली पात उपटली. मुळांकडे बघून चकित झाला. "आयला, गड्डाच न्हाई! ह्यो कसला कांदा म्हनायचा?" मुळं तोडून उकिरड्यावर फेकली आणि पात चिरायला घेतली.

मी तिथेच उभा होतो. मला सगळं माहीत होतं. चार वाजता कोण येणार, तेही माहीत होतं. "राहू द्या," एवढे दोन शब्द तोंडातून निघाले नाहीत, कारण माझे साहेब आनंदरावच होते. उलट झुणका झाल्यावर मी ताट पुढे केलं. दोनदा वाढून घेतलं. चांगला झाला होता, हे लिहितानासुद्धा माझी मलाच शिसारी येते.

सुभानमामा साडेतीनला आला. पांढरा सदरा, डोक्याला नवी टोपी. त्याने रिकामी कुंडी पाहिली. उकरलेल्या मातीत तोवर कुणीतरी थुंकलंही होतं. तो उकिरड्याकडे गेला, तुटकी मुळं सदऱ्याच्या ओच्यात गोळा केली, आणि तेवढ्यात साहेबीणबाईंची गाडी आली.

"हे काय?" तिने नाकाला रुमाल लावला. "ही कुंडी आहे की पिकदाणी?"

आनंदराव हात जोडून पुढे. "काय सांगू बाईसाहेब, ह्याच्या बायकोची शेळी सुटली. सगळं खाऊन गेली. कितीदा बजावलंय, क्लबात जनावर आणू नको म्हणून!"

"माजी शेळी घरी बांदल्याली हाय," सुभानमामा म्हणाला.

"जयसिंगला विचारा," आनंदराव म्हणाले. "त्यानं बघितलंय."

तिने माझ्याकडे पाहिलं. सुभानमामा माझ्यापासून हातभर अंतरावर उभा होता. मी तोंड उघडलं. "हो बाई. शेळीच होती."

त्याच्या नाकपुड्या हलल्या. माझ्या तोंडाला येणारा पातीचा वास त्याला कळला. नजर माझ्या तोंडावर खिळली, आणि चिंधीने पिंक पुसताना त्याचा चेहरा जसा व्हायचा तसाच झाला. दुसऱ्या दिवसापासून त्याला कामावर घेतलं नाही.

पावसाने कमाल केली. कुंडीत राहिलेल्या एका मुळाला श्रावणात चार हिरवी टोकं फुटली. मी ती मुळासकट डब्यात काढली, एस.टी.ने मांडवगण फराट्याला गेलो. तिथे सुभानमामा बबनराव नावाच्या एका शेतकऱ्याच्या फुलांच्या मळ्यात राबत होता. हुसेनबी बांधावर बसून शेवंती निवडत होती. तिने मान वर केली नाही. मी डबा पुढे केला, माफी मागितली, रडलोसुद्धा.

त्याने डबा घेतला. मुळं पाटाच्या पाण्यात धुतली, दोनदा.

"थुकी पुसता येती, जयसिंगराव," तो म्हणाला. "तुमी बोलला ते मी कशानं पुसू? नोकरी नगं मला आता. फकस्त त्या बाईला सांगा, शेळी आमची नव्हती. हुसेनबीला लोकं अजून ईचारत्यात."

मी हो म्हणालो. पण मोठ्या साहेबांची बदली झाली, बाई कुठे गेल्या ते मी शोधलं नाही. आनंदराव सेक्रेटरी होते तोवर भीती होती. ते गेल्यावर लाज होती. सुभानमामा वारला, मागोमाग हुसेनबीही. मी मात्र क्लबात कायम झालो आणि मागची ती खोली मला मिळाली.

शेळी घरी बांधलेली होती. पात मी खाल्ली.