तीन पानी राजीनामा

राजीनामा द्यायला आठ महिने लावणारा माणूस अख्ख्या दुबईत एकच, आणि तो नेमका माझ्या शेजारच्या टेबलावर. चीनहून आलेला, पंधरा वर्षं सॉफ्टवेअरमध्ये मुरलेला, आमच्या कंपनीचा सीनियर आर्किटेक्ट. हे सगळं सोडून त्याला कादंबरी लिहायची होती. बरं, चार ओळींत 'सोडतो' म्हणून मोकळं व्हावं ना! याने तीन पानं लिहिली. पहिलं पान तर नुसतं खिडकीबाहेरच्या क्रेनचं वर्णन. एचआरवालीने डोळे चोळत विचारलं, "यात लास्ट वर्किंग डे कुठेय?" तर म्हणे, "तिसऱ्या पानावर येतो. घाई केली की मजा जाते." तिने पत्र परत केलं. याला वाटलं, मसुदा आवडला नाही. बसला पुन्हा लिहायला.

कामातही तीच तऱ्हा. बग नोंदवायचा तर हा लिहिणार, "बटण दाबलं जातं. आत कुणीच नाही." आम्ही टेस्टिंगवाल्यांनी बग शोधायचा की रडायचं? जेवणाच्या सुट्टीत मात्र माझ्या डब्यातली पोळी खात याचे कान टवकारलेले. कँटीनमध्ये शिकलेल्या मोडक्या हिंदीत विचारायचा, "दीदी, फिर सासूजी क्या बोला?" सकाळच्या दीड तासाच्या ट्रॅफिकने माझा जीव आधीच मेटाकुटीला आलेला असायचा, घरी मुलगी इंग्रजीत दोन शब्द बोलून दार लावून घेणार. मग मी इथेच सगळं ओकून मोकळी व्हायचे. एक दिवस मान खाली घालून म्हणाला, "दीदी, सॉरी. चौथ्या चॅप्टरमध्ये तुमच्या सासूबाई गेल्या." मेल्याने माझ्या सासूला मारलं! दोन दिवस मला चैन पडेना. शेवटी पुण्याला फोन करून त्यांची तब्येत विचारली. त्यांना माझा संशयच आला.

अखेर एकदाचा त्याने धड राजीनामा दिला, आणि खरी पंचाईत सुरू झाली. नोकरी गेली की व्हिसा रद्द. ठरलेल्या मुदतीत दुसरी मिळाली नाही तर देश सोडायचा. मी म्हटलं, "अरे, मग घरी जा की! आईच्या हातचं खा आणि लिही."

"घरी आई रोज विचारेल, नवी नोकरी कधी? दहा दिवस टिकेन, अकराव्या दिवशी इंटरव्ह्यूला जाईन. कादंबरी खलास."

हे म्हणताना तो हसला नाही. मला त्याचा रागही आला आणि कीवही.

मुदतीचे चार दिवस उरले असताना शारजाच्या औद्योगिक भागात, त्याच्याच गावच्या एका माणसाच्या गोदामात काम मिळालं. सकाळी स्पेअर पार्टच्या याद्या करायच्या, दुपारनंतर मोकळा. त्याने गाडी विकून टाकली होती, म्हणून व्हिसाचे कागद घ्यायला मीच रजा टाकून त्याला सरकारी अर्ज भरून देणाऱ्या टायपिंग सेंटरला नेलं. कागदावर इंग्रजीत हुद्दा होता 'क्लार्क'. एवढं डोकं, एवढी वर्षं, आणि शेवटी कारकून! मला भरूनच आलं.

काउंटरवरच्या म्हाताऱ्या सुदानी गृहस्थांनी चष्मा वर सरकवून अरबी ओळ वाचली, "कातिब." मग त्याच्या बगलेतल्या जाडजूड वहीकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा एकदम खुलला. अरबीत म्हणे कारकुनाला आणि लेखकाला शब्द एकच.

"माशाल्ला! क्या लिखता है?"

याने वही छातीशी धरली. लेखक म्हणून त्याला आजवर कुणी काही विचारलंच नव्हतं. मग पुटपुटला, "नॉवेल." म्हातारबुवांना ऐकू गेलं नाही. "नॉवेल!" तो जरा मोठ्याने म्हणाला आणि कानापर्यंत लाल झाला.

"और आप, मॅडम?"

"मैं... इनकी मॅनेजर," मी म्हटलं.

त्यांनी अदबीने मान डोलावली आणि पुढचा नंबर पुकारला.