आतल्या फळीवरचा गणपती

रोह्याच्या कंपनीत पहिली शिफ्ट होती. चहाच्या सुट्टीत लॅबबाहेर येऊन फोन बघितला, तर हमरापूरच्या वंदीकाकीचे सात कॉल. परत लावला. काकी आत्याची शेजारीण; ती रडत नव्हती, नवल सांगावं तशी बोलत होती. "पोरी, तारा गेली गो. चा प्यायली, पाटावर बसली, ब्रश भिजवला... आन् उठलीच नाय." ताराआत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. मला वाढवलं तिनं. आज महिना झाला, पण रोह्याहून पेणकडे गाडी निघाली की अजून वाटतं, ती गणपतीच्या कारखान्याच्या दाराशी पाटावर बसलेली असेल.

माझे आई-बाप खाडीकाठच्या मिठागरात राबायचे. ते बंद पडलं तेव्हा दोघं गुजरातेतल्या मिठागरांवर गेले. मी सात वर्षांची. "गणपतीला येतो," आई म्हणाली. दोन गणपतींना आली. मग नुसते फोन, मग तेही... पोटासाठी गेले, त्याचा मला राग नाही. पण मागं राहिलेल्या पोराची मान रस्त्याकडे वळलेलीच राहते. जेवताना, पाढे म्हणताना, झोपेतसुद्धा. आणि बरोबर गेलेल्यांचं तरी काय? माझ्या बाकावरची सुरेखा आई-बापामागं गेली, ती शाळेत परत आली नाही. ती माझ्याहून हुशार होती.

आत्या गणपतींची आखणी करायची, म्हणजे डोळे काढायची. सगळं रंगकाम उरकल्यावर शेवटी डोळे. तोवर पत्र्याच्या शेडमध्ये रांगेनं बिनडोळ्यांचे गणपती बसलेले, हवेत पांढरी भुकटी, तिच्यातून उन्हाची एक तिरीप... मला वाटायचं हे सगळे झोपलेत आणि आत्या एकेकाला हळूच जागं करतेय. डोळा काढताना ती पंखा बंद करायची आणि श्वास रोखून धरायची. एक नियम तिचा स्वतःचा होता. एकदा उघडलेले डोळे पुसायचे नाहीत.

अकराव्या वर्षी तिनं माझ्या हातात ब्रश दिला. नेमकी बाहेर एसटी थांबली. हात मूर्तीवर, लक्ष दारात. बुबुळं कडेला सरकली. गिऱ्हाईक म्हणालं, "हा कुठं बघतोय?"

"बघंना का," आत्या म्हणाली, "त्याचं बी कोन यायचं असंल."

तिनं ते डोळे पुसले नाहीत. मूर्ती आतल्या फळीवर ठेवली आणि चार दिवस ती इकडून तिकडं सरकवत राहिली. मला वाटलं, धूळ चुकवतेय.

बारावीचा निकाल लागला आणि आईचा फोन आला. "तुझ्या धाकट्या भावाला बघायला कोन नाय. इकडंच ये आता. बारावी झालीस की!" खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला. कुणीतरी बोलावलं होतं. मी लगेच पिशवी भरली. आत्या एवढंच म्हणाली, "जा गो. पन आधी रोह्याला कॉलेजचा फारम भरून येऊ. जागा धरून ठेवायला काय जातंय?"

खिडकीतल्या क्लार्कनं फॉर्म पुढं सरकवला. "पालकांची सही."

"आई-बाप परगावी हायत. मी हाय."

"मग अंगठा द्या."

"अंगठा नाय देनार." मग माझ्याकडे वळून, "माझं नाव लिवून दाव गो."

मी एसटीच्या तिकिटामागं 'ताराबाई' लिहिलं. तिनं पेन ब्रशासारखं धरलं, श्वास रोखला, आणि माझं अक्षर रेघ न् रेघ आखून काढायला लागली. रांग खोळंबली. क्लार्क म्हणाला, "मावशी, श्वास घ्या."

"थांबा वो, काना राह्यलाय."

तिचा श्वास सुटेपर्यंत माझंही ठरलं होतं. बाहेर आल्यावर म्हणाले, "आत्या, मी नाय जात." ती म्हणाली, "मंग पिशवी रिकामी कर. भाजीची हाय ती."

आमच्या घरात पदवी मिळवलेली पहिली मी. हे मी मान वर करून सांगते, आणि माझ्या फॉर्मवर सही कुणाची होती तेही.

तेराव्याला आईचा फोन आला. "वन्सं गेल्या व्हय?" मला आवाज ओळखू आला नाही...

फोन ठेवून मी कारखान्यात गेले. लहानपणी मी आत मूर्तींच्या मागं बसायचे. तिथून फळीवरचा गणपती दारातून रस्त्याकडे बघताना दिसायचा. त्या दिवशी मी पहिल्यांदाच दाराशी, आत्याच्या पाटावर बसले. वाटीत तिचा ब्रश तसाच होता. मान वर केली. तो सरळ माझ्याकडे बघत होता. दाराकडे नाही, रस्त्याकडे नाही, या पाटाकडे. चार दिवस आत्या मूर्ती का सरकवत होती ते तेव्हा कळलं. वाट बघणाऱ्याच्या बरोबर नजरेसमोर ती इतकी वर्षं रोज येऊन बसत होती.