दोन मॅचच्या मध्ये अडकलेला डोस

"डोस अजून आला नाही." हॉस्पिटलच्या टेक्नॉलॉजिस्टचा हा तिसरा फोन. "पेशंट रात्रीपासून उपाशी आहेत. काय सांगू त्यांना?"

मी म्हणाले, "ड्रायव्हर ट्रॅफिकमध्ये आहे." हे खरं होतं. तो तिथे का अडकला, ते मी सांगितलं नाही.

मी न्यूक्लिअर फार्मसिस्ट आहे. पेट स्कॅनच्या आधी पेशंटला किरणोत्सारी साखरेचं इंजेक्शन देतात. कॅन्सर कुठे आहे ते त्याने दिसतं. ते इंजेक्शन आम्ही बनवतो. हा माल साठवता येत नाही, दर दोन तासांनी जवळजवळ निम्मा होतो. म्हणून इंजेक्शनच्या वेळेवरून उलटा हिशोब करून थोडा जास्त भरायचा आणि जाड धातूच्या डब्यात घालून रवाना करायचा. उन्हात बर्फ विकण्यातलाच प्रकार.

त्या गुरुवारी सकाळी आमचा ड्रायव्हर डॅरिल माझ्याकडे आला. साठीचा माणूस, इतक्या वर्षांत एकदाही उशीर नाही. युनिफॉर्मखाली फुटबॉल टीमची जर्सी, डोक्यावर बेसबॉल टीमची टोपी. त्या ऑक्टोबरात आमच्या शहराच्या दोन्ही टीम जिंकत सुटल्या होत्या आणि चांगली जाणती माणसं वेड्यासारखी वागत होती.

"तीनचा डोस मला साडेबाराला नेऊ दे," तो म्हणाला. "काल पावसाने बेसबॉल रद्द झालं, ती मॅच आज दुपारी आहे. रात्री फुटबॉल. दोन्ही स्टेडियम शेजारी-शेजारी. दीडनंतर हायवे हलणार नाही."

"रात्रीच्या मॅचला दुपारी ट्रॅफिक?"

"लोक दुपारपासूनच येतात. पार्किंगमध्ये शेगड्या पेटवून खात-पीत बसतात."

मला वाटलं, याला मॅच बघायला लवकर सुटायचंय. पंचवीस वर्षं अमेरिकेत राहून मला या दोन खेळांतलं ओ की ठो कळत नव्हतं, आणि लाज वाटायच्या ऐवजी त्याचा मला अभिमान होता. क्रिकेट सोडलं तर बाकी सगळी नुसती हाणामारी, असं आमच्या घरचं मत. लंचरूममध्ये कुणी स्कोअर सांगितला की "ग्रेट" म्हणायचं आणि डबा उघडायचा. शिवाय केलेलं शेड्यूल ड्रायव्हरच्या सांगण्यावरून बदलणं मला जिवावर आलं.

"रोज चाळीस मिनिटं लागतात, मी दीड तास धरलाय," मी म्हणाले. "दीडलाच निघ."

तो मान हलवून गेला.

डोस पावणेपाचला पोचला. तोवर जेमतेम निम्मा उरला होता. स्कॅन कॅन्सल झाला. एकाहत्तर वर्षांच्या निवृत्त शिक्षिका होत्या त्या. केमो बदलायची की नाही, हे डॉक्टर शुक्रवारी त्या स्कॅनवरून ठरवणार होते. आता पुढची तारीख मंगळवारची.

बॉस कॅथीने विचारलं, "नक्की काय झालं?"

"डॅरिल अडकला. त्याने दुसरा रस्ता घ्यायला हवा होता."

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. शुक्रवारी त्याच्या फाइलला वॉर्निंग लागली. त्याने सही केली. लवकर निघू देण्याबद्दल विचारलं होतं, हे त्याने सांगितलं नाही. मी समोरच उभी होते, मीही सांगितलं नाही. शनिवार-रविवार जेवण गेलं नाही, पण फोन उचलून खरं बोलण्याची हिंमतही झाली नाही.

सोमवारी कॅथीच्या केबिनमध्ये जाऊन सगळं सांगितलं.

"शुक्रवारी का नाही बोललीस?" तिने विचारलं.

"लाज वाटली."

"त्याला सही करताना वाटली नसेल?"

वॉर्निंग त्याच्या फाइलमधून निघाली आणि माझ्या फाइलला लागली. ते योग्यच झालं.

मंगळवारी त्याच बाईंचा डोस घेऊन मी स्वतः व्हॅनपाशी गेले. "डॅरिल, सॉरी. चूक माझी होती, आणि खोटंही मीच बोलले."

"कॅथीने सांगितलं मला," त्याने डबा पट्ट्याने बांधला. "त्या बाईंना सॉरी म्हणालीस?"

त्या बाईंना सॉरी म्हणावं, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. चार दिवस मी फक्त माझ्या लाजेचाच विचार करत होते.

"मी म्हणालो," तो म्हणाला. "गुरुवारी पोचलो तेव्हा त्या कोट घालून निघतच होत्या. म्हटलं, सॉरी, माझ्यामुळे उशीर झाला. त्यांनी मलाच विचारलं, तू काही खाल्लंस का?"

तो गेला. स्कॅन वेळेवर झाला.

रस्त्याबद्दल ड्रायव्हर जे सांगतो ते ऐकावं. हे कळायला फार्मसीची डिग्री लागत नाही. माझ्याकडे दोन आहेत.