परबांचा रशियन

घरात मोडक्या छत्र्या जमतात ना, तसे किस्से जमतात. टाकवत नाहीत, आणि बघायला कुणी मागतही नाही. पण मेडलवेड्या माणसांबरोबर आठ वर्षं काढलीत मी, न सांगून पोट फुगेल!

आमचं टोळकं तिघांचं. मुलुंडचे परब, घाटकोपरचा गायकवाड आणि मी. देवनारच्या भंगारवाल्याकडून इंग्रजांच्या काळातली लष्करी मेडलं घ्यायची. मेडलच्या कडेवर बारीक इंग्रजी अक्षरात शिपायाचं नाव कोरलेलं असतं. ते भिंगातून वाचायचं, त्याचं घर शोधायचं आणि मेडल घरच्यांना द्यायचं, हा आमचा नियम. वाचायचं काम परबांचं, कारण भिंग त्यांचं. अनोळखी लोकांना फोन करायचं काम माझं, कारण तीस वर्षं टेलिफोन खात्यात काढल्यावर माणसाला लाज उरत नाही.

गायकवाड मात्र एकाच मेडलसाठी आलेला. त्याचे पणजोबा, रामजी गायकवाड, पहिल्या महायुद्धात होते. त्यांचं मेडल कधीतरी मोडीत गेलं. घरात आता शहाऐंशी वर्षांची आत्या, डोळे गेलेले. "मरायच्या आधी एकदा हातात दे रे," एवढंच तिचं मागणं. त्यामुळे नवं मेडल आलं की गायकवाड विचारणार, "गायकवाड आहे का?" आणि परब भिंगातून न उठता म्हणणार, "नाय रे." दर वेळी त्याचं तोंड एवढंसं व्हायचं. मला बघवत नसे.

*

परबांचा सगळ्यांना एकच प्रश्न. कुणी म्हणालं, हे आमच्या आजोबांचं, की परब मालवणीत विचारणार, "पुरावो खंय?"

आणि मग त्यांना एक मेडल मिळालं. कडेवर नाव 'पुर्रुब'! साहेबाच्या कारकुनाने कानावर पडलं तसं कोरलेलं. परब उडालेच. "माझे पणजे!"

मी म्हटलं, "पुरावो खंय?"

"माका आतून वाटता गो!"

मेडल फ्रेम करून भिंतीवर लागलं, वर हार. आता मेडलवर समोरून काय दिसतं? इंग्रजांचा दाढीवाला राजा! सर्वपित्रीला परबांकडे त्या राजाला वडे-घारग्यांचं पान वाढलं. मी स्वतः जेवून आलेय.

*

मेडल घासायचं नाही, हा या नादातला पहिला धर्म. काळं पडलेलंच ठेवायचं. परबवहिनींना हे कोण सांगणार? दसऱ्याला देवांबरोबर त्यांनी अकरा मेडलं चिंच लावून घासली. लखलखीत! वर हळदकुंकू.

परब भिंग घेऊन धावले. "अगो, वाट लावलंस!"

वहिनी थंडपणे म्हणाल्या, "देव चकचकीत चालतो, आणि ह्यो गोरो मेलो काळोच व्हयो?"

 

*

बोरिवलीचं एक घर मी फोनवरून शोधलं. मेडलवर नावाआधी कोरलेलं 'ड्रायव्हर'. नातू खूश! "पणजोबा जनरलसाहेबाची गाडी चालवायचे, बरोबर ना?" आम्ही पोचेपर्यंत गल्लीत स्टेज बांधून बॅनर लागला होता. पणजोबा, मागे रणगाडा, बाजूला लांबलचक मोटार आणि वर हात जोडलेले स्थानिक भाऊ. खाली लिहिलेलं, 'शहीद'.

गायकवाड हळूच म्हणाला, "दादा, त्या वेळच्या पलटणीत ड्रायव्हर म्हणजे खेचरं हाकणारा."

"खेचरं?"

"आणि शहीद कसे? तुम्हीच सांगितलंत ना, नव्वदीत झोपेत गेले म्हणून?"

 नातू म्हणाला, "खेचराचं राहू दे. भाऊंना कळलं तर स्टेज कॅन्सल होईल यार!"

*

आता परबांचा रशियन. हे मेडल आमची ओळख व्हायच्याही आधीपासून त्यांच्या दिवाणखान्यात. नाव वाचलं त्यांनी, 'रॅमनॅक सॉनॅक'. "रशियन आसतलो! आपल्या पलटणीत लढलो!" मेडलच्या कडेला एक खाच होती. ती म्हणे जर्मन गोळीची. यावर सोसायटीच्या गणपतीत स्लाइडशोसकट भाषण झालं.

मी म्हटलं, "परब, मेडल लढाई संपल्यावर मिळतं. गोळी काय पोस्टाने आली?"

"तुका इतिहासातला काय कळता?" म्हणाले. फ्रेमखाली पितळी पट्टी लावून घेतली, 'रशियन वीर'.

*

गेल्या महिन्यात आत्या फार थकली. गायकवाडने आम्हाला भेटायला बोलावलं. परबांचं पुढे घाटकोपरलाच भाषण होतं, म्हणून फ्रेम काखेत. आत्या खाटेवर बसलेली. हाताला फ्रेम लागली, तशी म्हणाली, "काय आणलंय?"

झालं! परब सुरू. "आत्यानू, ह्यो एक रशियन वीर. रॅमनॅक सॉनॅक!"

आत्याचा हात थांबला. "काय म्हणालास?"

"रॅमनॅक."

"रामनाक म्हण. रामनाक सोननाक. माझा आजा."

गायकवाड उभाच राहिला. "आत्या! तू तर रामजी गायकवाड सांगत होतीस!"

"ते शाळेत लावलं, पोरांसाठी. रामनाक म्हटलं की गावात लोक चार हात लांब सरायचे. मग कशाला सांगू ते नाव?"

 आणि परबांची जीभ! सवयीने घसरलीच. "पण... पुरावो खंय?"

मला त्यांच्या पाठीत धपाटा घालावासा वाटला. आत्याने नुसता हात पुढे केला. परबांनी फ्रेम उघडली आणि मेडल तिच्या तळहातावर ठेवलं. तिचा अंगठा कडेवरून फिरत गेला आणि खाचेवर थांबला.

"आहे की अजून!" ती हसायला लागली. "सात वर्षांची होते. यावर बिब्बे फोडत होते आणि दगड निसटला. आज्यानं फोक मोडेस्तोवर मारलं मला. लाजेनं आजवर कुणाला बोलले नाही."

हसता हसता ती रडायला लागली. गायकवाड तिच्या पायाशी बसला, तोही रडत होता. आत्याने मेडल पदराच्या टोकाला बांधलं, दोन गाठी मारल्या.

परब रिकामी फ्रेम धरून दाराशी उभे. अगदी हळू म्हणाले, "आत्यानू, फ्रेम व्हयी?"

"राहू दे बाबा," आत्या म्हणाली. "तुझा रशियन सापडला की लाव त्यात."