आईच्या चुका

उविलुक मला मामा म्हणते. मी बावन्न वर्षांची बाई, दोन नातवंडांची आजी, शाळेच्या स्वयंपाकघरात सूप ढवळणारी. पण माझं नाव तिच्या वारलेल्या मामाचं, म्हणून मी मामा. ती माझ्याहून अठरा वर्षांनी मोठी आणि माझी भाची. आमच्याकडे, उत्तर ध्रुवाजवळच्या ह्या गावांत, गेलेल्या माणसाचं नाव ठेवलं की ते नात्यासकट येतं, मग समोर बाई आहे की बाप्या हे कुणी पाहत नाही. ह्या मामापणाचा मला फायदाच झाला. लहानपणी तिच्या दारात उभी राहिले की सीलच्या काळजाचा पहिला तुकडा माझा. मामाला रिकाम्या हाताने कसं पाठवायचं?

तिचे कान मात्र भारी तिखट. शाळेच्या बालवर्गात तिने तीस वर्षं पोरांना आमची भाषा शिकवली, आणि शाळा सुटली की उरलेल्या गावाला. सकाळी गावच्या रेडिओवर हवामान सांगणारा एखादा शब्द चुकला की ही फोन उचलायची. पुढच्याच मिनिटाला घराघरांत ऐकू यायचं, "आत्ताच उविलुकचा फोन आला होता. माझं चुकलं. वारा सुटलेला नाही, सुटणार आहे." एकदा प्रार्थना संपल्यावर तिने पाद्र्यालाच दारात गाठलं. म्हणाली, "तुम्ही काय मागितलंत ते देवाला कळलं असेल. आम्हाला नाही कळलं." तो बिचारा त्यानंतर प्रार्थना आधी तिला वाचून दाखवायचा. लोक तिला वैतागायचे आणि आपली पोरं तिच्याच वर्गात घालायचे.

ती सात वर्षांची असताना उन्हाळ्यात जहाज आलं. तिची आई तागुर्नाक छातीच्या दुखण्याने खोकत होती, तिला दक्षिणेच्या इस्पितळात नेलं. ती परत आली नाही. तिला कुठे पुरलं हेही कुणाला कळलं नाही. उविलुक मावशीच्या तंबूत वाढली, कातडी शिवायला शिकली, लग्न झालं, एक मुलगा झाला, नवरा बर्फात गेला. ह्यातलं ती स्वतःहून काही बोलत नाही. मला हे सगळं माझ्या आईकडून कळलं.

मुलगा नोकरीला ओटावाला गेला. तिथे त्याला मुलगी झाली तेव्हा उविलुकने फोनवरूनच तिचं नाव ठेवलं, तागुर्नाक. त्या दिवसापासून ती तान्ही पोर उविलुकची आई झाली. दर रविवारी फोन करून ही मुलाला दटावायची, "आईला दूध पाजलंस का? आईच्या डोक्यात टोपी घातलीस का?" आई तिकडे इंग्रजीत वाढली. आपल्या भाषेतले तिला जेमतेम दोन शब्द यायचे. एक 'मुली', उविलुकला हाक मारायला, दुसरा 'चहा'.

तेवीस वर्षांची झाल्यावर, गेल्या मे महिन्यात, ती दोन पिशव्या घेऊन विमानातून उतरली. शहरात शिशुशाळेत काम करत होती, ते सोडून आली होती. "मला इथे राहायचंय, दादा," ती मला इंग्रजीत म्हणाली, 'दादा' तेवढं आपल्या भाषेत. मी उविलुकचा मामा, म्हणजे तिचा भाऊच की. हे मात्र तिला कुणीतरी शिकवून पाठवलं होतं.

नेमकी तेव्हाच उविलुकची नजर अधू झाली होती. ऑगस्टनंतर वर्ग सोडते, असं तिने कळवलं होतं. भाषा चांगली येणारी तरुण माणसं खाणीवर कामाला. पालकांच्या समितीने सांगितलं, ऑगस्टपर्यंत नीट बोलणारं कुणी मिळालं तर ठीक, नाहीतर बालवर्ग इंग्रजीत चालेल. तागुर्नाकला ते काम हवं होतं. पोरं सांभाळण्यात ती हुशार होती. भाषेचं काय, तर घरात उविलुक! गावातला जो तो म्हणाला, हिला आता काय कमी?

आणि इथेच घोडं अडलं. उविलुक तिला शिकवेना.

पोरगी तोडकंमोडकं बोलायची, ही हसून मान डोलवायची. क्रियापद उलटं, शब्द भलताच, तरी ही गप्प. एकदा तागुर्नाकने वाळवलेल्या मासळीला वाळवलेल्या मांसाचा शब्द लावला. दुसऱ्या दिवशी वर्गात उविलुकने स्वतः हातात मासळी धरली आणि मांस म्हणाली. पोरं हसून लोळायला लागली. चार वर्षांची एक चिमुरडी ओरडली, "आजी, ती मासळी आहे, मासळी!" ह्या बाईने थंडपणे सांगितलं, "माझी आई ह्याला मांस म्हणते."

हे मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून ऐकलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

संध्याकाळी तागुर्नाक माझ्याकडे येऊन रडली. "दादा, ती रेडिओला ओरडते, कुत्र्यांना ओरडते. मला एका शब्दाने बोलत नाही. मी इतकी वाया गेलेय का, की शिकवायच्याही लायकीची नाही?"

"वेडे, तू तिची आई आहेस. आईच्या चुका कोण काढतं?"

"मी आई असेन तर मला बोलता यायला नको?"

मी तशीच उठून उविलुककडे गेले. ती जमिनीवर पुठ्ठा पसरून गोठलेला मासा सोलत होती.

"अगं भाची, वर्ग बंद पडेल. तीस वर्षं केलंस ते पाण्यात जाईल."

"ठाऊक आहे."

"मग? तिला चारचौघींसारखं रागावायला तुझ्या तोंडाला काय टाळा लागलाय?"

तिने सुरी खाली ठेवली. "मामा, आई इतक्या लांबून परत आलीय. आल्या आल्या तिला बोल लावू? आणि रुसून पुन्हा निघून गेली तर?"

माझा राग तिथेच विरला. सत्तर वर्षांची बाई, पण बोलत होती ती सात वर्षांची पोर. मी बसले, तिच्यापुढचा मासा ओढला आणि खायला लागले. खाता खाता म्हणाले, "तू नको काढू चुका. मी काढते. मी तिचा थोरला भाऊ. भावाला बहिणीचा कान धरता येतो."

उविलुकने मला आपादमस्तक न्याहाळलं. "तू? तुझी भाषा म्हणजे उंदरांनी कुरतडलेलं कातडं."

खोटं नव्हतं. मी गोऱ्यांच्या हॉस्टेलच्या शाळेत वाढले. तिथे आमची भाषा बोललं की साबणाने तोंड धुवायचे. परत आले तेव्हा माझी निम्मी भाषा गेली होती. पण दुसरा भाऊ आणायचा कुठून?

दुसऱ्या दिवसापासून रोज कामानंतर आम्ही तिघी उविलुकच्या टेबलाशी बसायला लागलो. तागुर्नाक बोलायची, मी दुरुस्त करायचे, उविलुक चहा प्यायची. दोन दिवस तिने दम धरला. तिसऱ्या दिवशी मी बर्फाचा एक प्रकार सांगताना असा काही घोळ घातला, की तिने कप आपटला.

"मामा! अंगणात हाच बर्फ पडलाय, आणि तुला त्याचं नाव येत नाही? आंधळी आहेस का तू? ह्या बर्फाचं घर बांधलंस तर सकाळपर्यंत तुझ्याच डोक्यावर बसेल!" आणि मग बर्फाची सगळी नावं तिने मला घडाघडा म्हणून दाखवली, तीनदा. शेजारी बसलेली तागुर्नाक ओठ हलवत ती पुटपुटत होती.

लेकी बोले सुने लागे! त्या दिवसापासून मी मुद्दाम चुकायला लागले. तागुर्नाक जे चुकायची तेच मी मोठ्याने म्हणायचे, आणि उविलुक माझ्यावर तुटून पडायची. "मामाला अक्कल नाही." "मामाला हॉस्टेलात खायला काय घालत होते?" ह्या वयात मी गावभर मठ्ठ म्हणून गाजले. माझ्या नवऱ्याने तर विचारलं, "तू खरंच इतकी ढ आहेस की सोंग करतेस?" खरं सांगू? निम्मं सोंगच होतं. उरलेलं निम्मं मीही त्या टेबलाशी शिकले, आणि ते परत मिळाल्याचा आनंद मला कुणाला सांगता येत नाही.

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात समिती शाळेच्या हॉलमध्ये बसली. निम्मं गाव जमलं होतं. तागुर्नाक थोडं बोलली, अडखळली, पुन्हा बोलली. दक्षिणेचा हेल होताच. मागून कुणीतरी कुजबुजलं, "पाठ करून आलीय." समितीची प्रमुख बाई उविलुकच्याच हाताखाली शिकलेली. ती म्हणाली, "आम्ही कशाला ठरवायचं? उविलुक, तूच सांग. हिला बोलता येतं का? तू हो म्हणालीस तर काम हिचं."

आईला पारखून पास-नापास करायचं, तेही भर हॉलमध्ये! उविलुक काही बोलेना. लोक वाट पाहत होते. ती बोलत नाही याचा अर्थ सगळे एकच काढणार, हे मला दिसत होतं, तागुर्नाकला दिसत होतं. शेवटी उविलुक खुर्चीला धरून उठायला लागली. गुडघे थरथरत होते, चेहरा घामाने डबडबला होता. एकदा तोल गेला.

"खाली बस!" तागुर्नाक ओरडली. आपल्या भाषेत. "मुली, खाली बस म्हणते ना! सकाळपासून पोटात काही नाही, आणि निघालीस उभी राहायला. पडून हाड मोडलं तर मी काय करू? ह्यांना मला काम द्यायचं नसेल तर नको देऊ देत, पण तू माझ्यासमोर अशी थरथरत उभी राहायची नाहीस. बस. आणि तो अंगरखा काढ, घामाने भिजलीस नुसती!"

उविलुकला असं आजवर कुणी बोललं नव्हतं.

ती खाली बसली. हळूहळू अंगरखा काढला आणि मांडीवर घेतला. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती. मीही रडले, लपवत नाही.

प्रमुख बाईने विचारलं, "मग, उविलुक? काय सांगतेस?"

"मी काय सांगणार?" उविलुक म्हणाली. "मला बोलायला हिनंच शिकवलं."