गृदान म्हणजे कुरूप

सासऱ्यांनी मला थोबाडीत मारली ती दवाखान्याच्या पार्किंगमध्ये, भर दुपारी. त्यांची उभी हयात जर्मनीत र्युसेल्सहाइमच्या गाड्यांच्या कारखान्यात पत्रे उचलण्यात गेली होती. तो हात काय चीज आहे ते माझ्या दातांना त्या दिवशी कळलं. तोंडभर रक्त आलं. मीही काही शांतीचा पुतळा नव्हे. त्यांची कॉलर धरली आणि त्यांना माझ्याच गाडीच्या बॉनेटवर आपटलं.

भांडण नावावरून होतं. वर काचेच्या पेटीत आमचा मुलगा होता, दिवस भरायच्या कितीतरी आधी आलेला, मधूनच श्वास घ्यायचं विसरणारा. त्याच्या आधीची दोन बाळं आम्ही गमावली होती. माझी बायको वाढली जर्मनीत, पण तिचे आईवडील सर्बियातून आलेले. सासऱ्यांचा हट्ट होता की पोराला त्यांचं स्वतःचं नाव द्यायचं, गृदान. जुनं स्लाव नाव, आता त्यांच्या गावातही कोणी ठेवत नाही. अर्थ सरळ आहे: कुरूप, ओंगळ. ज्या घरात पोरं जगत नाहीत तिथे ते ठेवायचे. मरण दारात आलं तरी असलं नाव ऐकून नाक मुरडेल आणि पुढे जाईल, एवढीच आशा.

हे मला कोणी समजावून सांगायला नको होतं. माझ्या आजोबांचं नाव उकिरडा. त्यांच्या आईनं ते पोर जगावं म्हणून ठेवलं, आणि गावानं जन्मभर चवीनं हाक मारली, "ए उकिरड्या!" घर बौद्ध झालं तेव्हा आजोबांनी पोरांना उजळ नावं दिली. "तुम्हाला कशाला रे असली नावं?" म्हणून गावातल्या एका बड्या माणसानं त्यांना चावडीसमोर काठीनं झोडपलं. त्यात त्यांचा डावा कान गेला. नावं मात्र त्यांनी मागे घेतली नाहीत. आमच्या घरातली चांगली नावं अशी मार खाऊन मिळवलेली आहेत, आणि मी पुन्हा पोराचं नाव घाण ठेवणार? संतापात मी सासऱ्यांना म्हणालो, "पापा, तुमच्या आईला अक्कल नव्हती." त्यावर ती थोबाडीत बसली.

आता ते बॉनेटवर पडले होते, भुवई फुटली होती आणि माझा हात त्यांच्या गळ्यावर होता.

"आल्झो, मग दाब," ते म्हणाले. "तुला वाटतं, मला ते नाव आवडायचं? आई चारचौघांत माझ्यावर थुंकायची. हे घाण पोर कोणाला हवंय, म्हणायची. मरेपर्यंत तिनं मला एकदाही छान म्हटलं नाही. माझे भाऊ देखणे होते. सगळे गेले."

तेवढ्यात बायकोचा फोन आला. "वर ये. लगेच."

आम्ही दोघं तसेच जिना चढलो. पोर निळं पडलं होतं. नर्स त्याचे तळवे जोरजोरात चोळत होती, मशीन किंचाळत होतं. पेटीच्या खिडकीशी मी तोंड नेलं आणि गावानं आजोबांना घातलेली तीच हाक घातली, "ए उकिरड्या! घाणेरड्या! कोणाला हवायस तू?" बायको माझ्याकडे बघतच राहिली. मागे सासरे रडत म्हणत होते, "गृदान, गृदान."

पोराच्या छातीचा भाता एकदम हलला. नर्सनं केलं ते, मला कळतं. शिकलेला माणूस आहे मी.

श्टांडेसआम्टमध्ये, म्हणजे जन्मनोंदणीच्या कचेरीत, त्याचं नाव मी उजळच नोंदवलं. आजोबांचा मार फुकट जाऊ दिला नाही. सासऱ्यांनी तिथे माझ्या शेजारी उभं राहून मान हलवली.

पोर आता किंडरगार्टनला जातं. काल नवा शर्ट घालून माझ्यापुढे उभं राहिलं आणि जर्मनमध्ये विचारलं, "बाबा, मी छान दिसतो?" दिसत होता. फार छान दिसत होता. पण 'छान' म्हणायला माझी जीभ रेटली नाही.