म्हातारीचं हसू

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मुलांना नाही, सख्ख्या भावालाही नाही. आज सांगायला बसलोय तेही दार लावून. इतक्या वर्षांनी भीती कुणाची? आता विचारणारं उरलंय कोण?

पन्नास-एकावन्नचा सुमार असेल. मी तेव्हा बंगालात, खिदिरपूरच्या गोदीत नोकरीला, बिऱ्हाड बेहालाला. भवानीपुरात हौशी फोटोग्राफरांचं एक मंडळ होतं. महिन्यातून एका रविवारी आम्ही आपापले फोटो घेऊन जमायचो. तिथे नीरदबाबू नावाचे एक शाळामास्तर यायचे. त्यांचं-माझं कधी पटलं नाही. मी माणसाला नीट बसवून, हात कुठे, नजर कुठे, सगळं ठरवून फोटो काढायचो. ते म्हणायचे, यात माणूस कुठे आहे? मी म्हणायचो, शिस्त नसेल तर ती कला कसली? चहा निवून जायचा, आम्ही भांडतच असायचो. पण माणूस खोटा नव्हता. माझ्या एखाद्या फोटोतला उजेड आवडला, तर भांडण तिथेच सोडून तेवढं कबूल करायचे.

मग मंडळाचं वार्षिक प्रदर्शन आलं. मी एक फोटो दिला. आमच्या खालच्या मजल्यावर पूर्व बंगालातून आलेलं एक निर्वासित कुटुंब होतं, त्यातली म्हातारी — गच्चीवर केस वाळवत बसलेली, बोळकं उघडून हसणारी. घरदार सोडून आलेली बाई, आणि असं हसू.

नीरदबाबू त्या फोटोपुढे बराच वेळ उभे राहिले. मग सगळ्यांदेखत म्हणाले, "जोशीबाबू, तुम्हाला माणूस दिसत नाही असं मी इतकी वर्षं म्हणत आलो. ते मागे घेतो." आणि पुढे विचारलं, "तिच्याशी काय बोललात, की ती अशी हसली?"

मी उगाच फोटोची चौकट सरळ करायला लागलो. कारण — कसं सांगू? — मी काहीच बोललो नव्हतो. मी त्या दिवशी गच्चीवर नव्हतोच. तो फोटो मालतीने काढला होता, माझ्या बायकोने. रोलमधला शेवटचा एक फोटो उरला होता. ती आपल्या मोडक्यातोडक्या बंगालीत म्हातारीशी गप्पा मारत होती, आणि बोलता बोलता तिने बटण दाबलं. मोठी प्रत मी करून घेतली, खाली नाव मी घातलं. तिला विचारलंसुद्धा नाही. आणि आता ती त्याच हॉलमध्ये, मागच्या खुर्च्यांवर बसलेली होती.

"काही नाही," मी म्हणालो. "नुसती वाट बघत राहिलो."

टाळ्या झाल्या. मागे वळून बघायची माझी छाती झाली नाही.

तेव्हापासून नीरदबाबूंची धास्तीच बसली. त्यांना म्हातारीला भेटायचं होतं. मी सांगितलं, ती नातेवाइकांकडे निघून गेली — आणि ती तर मला रोज जिन्यात दिसायची. ते भेटले की मी विषय बदलायचो, मंडळात उशिरा जायचो, लवकर निघायचो. शेवटी एका सकाळी ते न कळवता घरीच आले. मालतीने चहा आणला. बंगालीत वहिनीला बौदी म्हणतात; ते हसून म्हणाले, "बौदी, तो फोटो काढला तेव्हा तुम्हीही होतात का गच्चीवर?"

मी कप खाली ठेवला. मालतीने माझ्याकडे बघितलंही नाही.

"नाही," ती म्हणाली. "मी स्वयंपाकघरात होते."

आणि मला — तेही सांगून टाकतो — हायसं वाटलं. लाज नंतर वाटली. आधी हायसं वाटलं.

त्या दिवसापासून कॅमेरा मी कपाटात कुलूप लावून ठेवू लागलो. न जाणो, तिने आणखी एखादा तसाच फोटो काढला आणि कुणी पाहिला तर? मालतीने किल्ली कधी मागितली नाही. त्या गच्चीबद्दल आम्ही पुढे एक शब्द बोललो नाही. तिला जाऊन आता तीन वर्षं झाली.

तिने जन्मात एवढा एकच फोटो काढला. दुसरा मी काढू दिला नाही.